तंजावरला जाताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकात तंजावरविषयी प्रश्न मागवले होते. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे देत आहोत. बऱ्याच पत्रांचा सूर ‘आपले मराठी तंजावर’ असा होता. तो स्वाभाविकच आहे, भोसल्यांनी तिथे जवळजवळ १८० वर्षे राज्य केले. पण गावात चोळ, नायक (मराठ्यांच्या आधीचे राजे), मराठे, मिशनरी आणि इंग्रज असे सगळे थर एकमेकांत मुरलेले आहेत. त्यातला मराठी थर तेवढा वेगळा काढून बघायला गेलात, तर तोही नीट दिसणार नाही.

तीन दिवस हाताशी आहेत. कसे पोचावे, कोणत्या महिन्यात जावे आणि दिवस कसे वाटावेत? (वाचक, पुणे)

जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा उत्तम काळ. आपल्याकडचा पाऊस संपला म्हणून दिवाळीच्या सुटीत जाऊ नका. कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर हाच खरा पावसाळा असतो. एप्रिल-मेमध्ये देवळाच्या फरशीवर अनवाणी उभे राहवत नाही. १४ ते १७ जानेवारीला पोंगल असतो. तेव्हा अख्खे तमिळनाडू गावी जायला निघालेले असते, बस आणि रेल्वेची तिकिटे मिळत नाहीत.

तंजावरला विमानाने जायचे तर जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीचा, साधारण साठ किलोमीटरवर. तिथून बसने दीड तास धरा. रेल्वेने जाणाऱ्यांनी चेन्नईत गाडी बदलावी. गडबड इथेच होते. आपली गाडी चेन्नई सेंट्रलला पोचते आणि तंजावरची गाडी एग्मोरहून सुटते, असे बहुतेक वेळा घडते. ही दोन्ही स्टेशने वेगळी आहेत, आणि दक्षिणेकडच्या काही गाड्या तांबरमहूनही सुटतात. दोन्ही तिकिटांवरचे स्टेशन वाचा आणि मध्ये किमान तीन तास ठेवा. रात्रीची उझवन एक्स्प्रेस पहाटे तंजावरला सोडते, ती सोयीची.

मुक्काम जुन्या बसस्टँडच्या आसपास करा. मोठे देऊळ आणि राजवाडा तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहेत. नवा बसस्टँड गावाबाहेर आहे. तिरुचिरापल्लीची बस तिथे सोडते, तेव्हा स्वस्त म्हणून तिथलेच लॉज धरू नका, रोजच्या रिक्षाभाड्यात ती बचत जाईल.

पहिला दिवस देऊळ आणि राजवाडा यांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कावेरीकाठचे तिरुवैयारू, मग दारासुरम (इथेही चोळांचे देऊळ आहे) आणि देवळांचे गाव कुंभकोणम. तिसऱ्या दिवशी चोळांचे आणखी एक मोठे देऊळ असलेले गंगैकोंड चोळपुरम किंवा किनाऱ्यावरचे नागूर-तरंगंबाडी, यातले एकच. दोन्ही कोंबलेत तर दिवस गाडीतच जाईल.

बृहदीश्वराच्या देवळातला मराठी शिलालेख नेमका कुठे आहे? आणि शिखराची सावली जमिनीवर पडत नाही हे खरे का? (वाचक, कोल्हापूर)

शिलालेख नैऋत्य बाजूला, आवाराच्या कडेने गेलेल्या ओवरीच्या भिंतीवर आहे. पूर्वेच्या गोपुरांतून आत आल्यावर नंदी ओलांडा आणि मुख्य देऊळ उजव्या हाताला ठेवून मागे चला. कोपऱ्यात गणपतीचे देऊळ लागते, तिथून भिंत बघत जा. तंजावरचे भोसले राजे दुसरे सर्फोजी यांच्या आज्ञेने बाबूराव चिटणिसांनी १८०३ मध्ये लिहिलेला हा भोसले वंशाचा इतिहास देवनागरीत कोरलेला आहे. अक्षर बारीक आहे आणि ओवरीत उजेड कमी असतो, म्हणून छोटी विजेरी न्या. प्रकाश समोरून पाडला तर अक्षरे सपाट दिसतात, भिंतीलगत बाजूने तिरका धरला की उठून दिसतात. अक्षरांना खडू, पाणी किंवा बोट लावू नका.

तेवढा वाचून माघारी फिरू नका. मुख्य देवळाच्या जोत्यावर सगळीकडे तमिळ कोरीव लेख आहेत. राजराज चोळाने १०१० मध्ये हे देऊळ पूर्ण केले आणि दानाचा सगळा हिशेब दगडावर घातला. देवळाच्या सेवेसाठी वसवलेल्या ४०० नर्तकींची नावे त्यात आहेत, कोण कोणत्या गल्लीत आणि कितव्या घरात राहणार, हेसुद्धा. एवढा मोठा नंदी चोळांचा नाही, तो नायकांच्या काळातला. वायव्येचे सुब्रह्मण्याचे देऊळही नायकांचेच. त्याचे कोरीवकाम चोळांपेक्षा किती नाजूक आहे, ते खांबाशी उभे राहून बघा.

आता सावली. ती पडते. सकाळी सात वाजता विमानाच्या, म्हणजे गाभारा आणि त्यावरच्या शिखराच्या मागे, पश्चिमेला उभे राहा, लांबलचक दिसेल. विमान सुमारे ६६ मीटर उंच आणि पायाशी साधारण ३० मीटर रुंद आहे. सूर्य अगदी डोक्यावर असतो तेव्हा वरच्या मजल्यांची सावली खालच्या मजल्यांवरच पडते. तंजावरात एप्रिल आणि ऑगस्टच्या भर दुपारी असे होते, त्यातून ही समजूत रुजली. जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असल्याने दुपारीसुद्धा उत्तरेच्या अंगणात सावली असते.

देऊळ सकाळी सहाला उघडते, साधारण साडेबाराला बंद होते आणि पुन्हा चार ते साडेआठ उघडे असते. पहिली फेरी सहा ते साडेआठ आणि दुसरी संध्याकाळी पाचनंतर करा. पायांत जाड सुती मोजे घाला, ते चालतात. प्रदोषाच्या दिवशी संध्याकाळी नंदीला अभिषेक असतो. तो बघायचा तर चारलाच आत जाऊन बसा. शिलालेख वाचायचा असेल तर ती संध्याकाळ टाळा, गर्दीत भिंतीपर्यंत पोचता येत नाही.

सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रे बघायला मिळतात का? बुधवारी पोचणार आहे. (वाचक, सातारा)

बुधवारी तिथे सुटी असते, दिवस बदला. सर्वसामान्य प्रवाशाला ग्रंथालयाचे संग्रहालय बघता येते. ताडपत्रे, सचित्र पोथ्या, नकाशे आणि सर्फोजींच्या संग्रहातली पुस्तके काचेत मांडलेली आहेत. मूळ हस्तलिखिते हातात मिळत नाहीत. त्यासाठी विषय, हवा असलेला क्रमांक किंवा निदान काळ, संस्थेचे पत्र आणि ओळखपत्र यांसह आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. ‘मोडी दाखवा’ एवढ्यावर कोणी काही काढून देणार नाही. मराठी हस्तलिखितांची संख्याच सुमारे ३,००० आहे आणि मोडी दफ्तर त्याहून वेगळे, गाठोड्यांत बांधलेले. ग्रंथालयाने छापलेल्या मराठी पुस्तकांची विक्री तिथेच होते. सामानात जागा ठेवून जा, ही पुस्तके बाहेर सहज सापडत नाहीत.

राजवाड्यात दरबार हॉल, कलादालन, घंटामनोरा असे भाग वेगवेगळ्या व्यवस्थापनांखाली आहेत. म्हणून तिकिटेही वेगळी आणि दुपारच्या बंद वेळाही वेगळ्या. सुटे पैसे ठेवा. वेळ कमी असेल तर कलादालनातल्या चोळ काशामूर्तींना पहिली पसंती द्या. भिक्षाटन शिवाच्या मूर्तीला पूर्ण प्रदक्षिणा घाला, पाठीची वळणे समोरून कळत नाहीत.

सांबार संभाजी महाराजांच्या नावावरून पडले आणि ते तंजावरात जन्मले, हे नक्की आहे का? मग तिथे मराठी पदार्थ कोणते खायला मिळतील? (वाचक, ठाणे)

कथा अशी सांगतात: तंजावरच्या शाहूजी राजांच्या मुदपाकखान्यात आमटीसाठी आमसुले संपली, कोणी तरी चिंच घालायचे सुचवले, आणि पाहुणे आलेल्या संभाजी महाराजांच्या नावावरून त्या आमटीला सांबार म्हणू लागले. याला समकालीन कागदाचा आधार नाही. गोष्ट म्हणून ऐका, इतिहास म्हणून पुढे सांगू नका.

मराठी खुणा मात्र तमिळ घरांच्या स्वयंपाकात ठायी ठायी आहेत: रसवांगी, पिटलै, डांगर पच्चडी, कोसुमल्ली (कोशिंबीर), पोळी. आपण ज्याला पिठले म्हणतो त्याच्याशी तिथल्या पिटलैचे साम्य नावापुरतेच उरले आहे. ती कारली किंवा वांगी, तूरडाळ आणि भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण घालून करतात. डांगर पच्चडी मात्र लगेच ओळखू येते: भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवायचे आणि वर मोहरी-हिंगाची फोडणी. ‘पोळी’ मागितलीत तर पुरणाची गोड पोळी येईल. आपल्याला हवी असलेली चपाती चपाती म्हणूनच मागा.

अडचण अशी, की हे पदार्थ घरांत आणि लग्नांच्या पंगतींत टिकले आहेत, हॉटेलच्या यादीत क्वचित दिसतात. रसवांगी सहसा मिळत नाही, म्हणून इथेच कृती देतो. चार जणांसाठी:

पाव किलो छोटी कोवळी वांगी, अर्धी वाटी तूरडाळ, लिंबाएवढी चिंच. वाटणासाठी दीड मोठा चमचा धणे, एक मोठा चमचा हरभराडाळ, चार सुक्या मिरच्या, अर्धा छोटा चमचा मिरे आणि पाव वाटी ओले खोबरे. तूरडाळ शिजवून घ्या, पण पार पाणी करू नका. तिळाच्या तेलात हरभराडाळ, धणे, मिरे, मिरच्या या क्रमाने परता. खोबरे शेवटी, गॅस बंद केल्यावर घाला. आधी घातले तर ते करपते आणि आमटीला कडवटपणा येतो. थंड झाल्यावर जाडसर वाटा. वांग्यांच्या फोडी हळद-मीठ घालून थोड्या पाण्यात शिजवा. त्या बोटाने दाबल्या जाऊ लागल्या, की मगच चिंचेचा कोळ घाला. सगळ्यांत जास्त चूक इथे होते. आंबट पाण्यात वांगे कितीही उकळले तरी मऊ होत नाही, साल चामड्यासारखी राहते. कोळाचा कच्चा वास गेला की डाळ आणि वाटण घाला, पाच मिनिटे मंद आचेवर ठेवा. मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी द्या. सांबारापेक्षा दाट हवी, भातावर ओतल्यावर पसरू नये. आपल्या सवयीने गूळ घालावासा वाटेल. सुपारीएवढा चालेल, त्याहून जास्त नको.

घरातल्यांना भीती वाटते की तीन दिवस इडली-डोशावरच काढावे लागतील. आईचा उपवासही आहे. (वाचक, नागपूर)

भीती घड्याळ चुकल्यामुळे खरी ठरते. तिथे दुपारी बारा ते तीन ‘मील्स’ म्हणजे केळीच्या पानावरचे पूर्ण जेवण असते. सकाळी आणि संध्याकाळी टिफिन, म्हणजे इडली, डोसा, पोंगल (मूगडाळ-तांदळाची मऊ खिचडी), वडा. रात्री आठला भाताचे जेवण शोधलेत तर बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. दिवसाचे मोठे जेवण दुपारीच करा.

पान आले की त्यावर पाणी शिंपडून पुसून घ्या. भाज्या, कूटू (डाळ घातलेली भाजी), लोणचे, अप्पळम (पापड) आधी वाढतात. भात आला की सगळा एकदम कालवू नका. थोड्या भातावर वरण-तूप, मग सांबार, मग वत्तकुळंबू, मग रसम आणि शेवटी ताक, असा क्रम आहे, आणि प्रत्येकासाठी भात पुन्हा वाढतात. वत्तकुळंबू चिंचेचे आणि जहाल असते. मुलांना ते सोडून थेट रसमभात द्या. पुरे म्हणायला ‘पोदुम’, तिखट म्हणजे ‘कारम’. जेवण झाल्यावर पान आपल्याकडे घडी घालून मिटतात.

टिफिनमध्ये कडप्पा मुद्दाम विचारा. हा तंजावर-कुंभकोणम पट्ट्यातला खास पदार्थ. मुगाची डाळ, बटाटा आणि बडीशेप घातलेले खोबऱ्याचे वाटण, रंगाने फिकट पिवळा, इडलीबरोबर. काही ठिकाणी आठवड्यातल्या ठरावीक वारीच करतात, बहुधा रविवारी.

उपवासासाठी: साबुदाणा खिचडी, शेंगदाणा आमटी किंवा भगर मिळणार नाही. केळी, शहाळे, दूध, ताक मुबलक. राजगिऱ्याचे लाडू आणि दाणे घरून न्या. ताकात हिंग-मोहरीची फोडणी असू शकते, उपवासाला मोहरी चालत नसेल तर आधी विचारा.

कुंभकोणमची डिग्री कॉफी घरी जमत नाही, पाणचट होते. (वाचक, डोंबिवली)

दोषी बहुधा दूध नसून अर्क असतो. दोन कपांसाठी फिल्टरच्या वरच्या भांड्यात तीन भरगच्च मोठे चमचे पूड घाला. चिकोरीचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास असलेली पूड घ्या. छिद्रांची चकती वर हलकेच ठेवा. जोरात दाबली तर पाणी उतरतच नाही, अजिबात दाबली नाही तर भरभर उतरून अर्क फिका येतो. उकळते पाणी सुमारे १२० मिलिलिटर, आधी थोडे ओतून पूड भिजू द्या, अर्ध्या मिनिटाने उरलेले. वीस मिनिटे हात लावू नका. मग एक भाग अर्काला तीन भाग ताजे उकळलेले, पाणी न घातलेले दूध. अर्क पुन्हा गॅसवर उकळू नका, कडू होतो.

तंजावरात देऊळ-राजवाड्याखेरीज मिश्र संस्कृतीचे आणखी काय बघावे? (वाचक, गोवा)

शिवगंगा तळ्याजवळचे श्वार्ट्झ यांचे चर्च चुकवू नका, अर्ध्या तासाचे काम आहे. ते १७७९ चे. आत संगमरवरात कोरलेले दृश्य आहे: मृत्युशय्येवरचे पाद्री श्वार्ट्झ आणि त्यांचा हात धरलेले तरुण सर्फोजी. लंडनचे शिल्पकार फ्लॅक्समन यांचे हे काम. भोसल्यांच्या वारसाला एका जर्मन मिशनऱ्याने वाढवले, शिकवले, गादीच्या भांडणात त्याची बाजू घेतली आणि पुढे त्या राजाने धर्म न बदलता त्याचे स्मारक करवले. सर्फोजींचा छापखाना, धन्वंतरी महालातले औषधांचे प्रयोग, डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसह ठेवलेल्या नोंदी, या सगळ्यांमागे ही शिकवण आहे.

तिसऱ्या दिवशी किनारा गाठणार असाल तर नागूरचा दर्गा पाहा. त्याच्या पाच मनोऱ्यांतला सर्वांत उंच, १३१ फुटांचा, तंजावरच्या प्रतापसिंह राजांनी बांधला. दर्ग्यात डोके झाकावे लागते, रुमाल जवळ ठेवा. तिथून उत्तरेला कारैकाल, एके काळचे फ्रेंच ठाणे, आणि त्यापुढे तरंगंबाडी. रघुनाथ नायकाच्या परवानगीने डेन लोकांनी १६२० मध्ये तिथे किल्ला बांधला. श्वार्ट्झही १७५० मध्ये आधी इथेच आले होते. म्हणून चर्च आधी आणि तरंगंबाडी नंतर, असा क्रम ठेवलात तर धागा जुळतो. नागूरपर्यंत रेल्वे आहे, पण तिन्ही ठिकाणे एका दिवसात करायची तर गाडीच ठरवा आणि सकाळी सहाला निघा.

संगीताची आवड असेल तर तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे, तंजावरहून बारा-तेरा किलोमीटरवर कावेरीकाठी. पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच निवडक रचना गातात. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग आजही गायले जातात. तंजावरच्या मराठी कीर्तनकारांकडून ते तिकडे गेले.

तिरुवैयारूचा अशोका हलवा घरी केला तर रवाळ होतो. (वाचक, सांगली)

डाळ कमी शिजते आहे. साखर पडली की डाळ पुढे मऊ होत नाही. अर्धी वाटी मूगडाळ कोरडी, फक्त वास सुटेपर्यंत भाजा, दीड वाटी पाण्यात कुकरला चार शिट्ट्या द्या आणि गरम असतानाच गाळणीतून घोटून घ्या. एक मोठा चमचा कणीक तुपात गुलाबी परता, त्यात डाळ, आणि मिश्रण एकजीव झाल्यावरच एक वाटी साखर. साखरेने ते पातळ होईल, घाबरू नका. अर्धी वाटी तूप चमच्याचमच्याने सोडत पंधरा-वीस मिनिटे हलवा. कडा सुटल्या की उतरवा. गार झाल्यावर घट्ट होतो, म्हणून कढईत थोडा सैलच असू द्या.

तंजावर चित्र घ्यायचे आहे. फसवणूक कशी टाळावी? (वाचक, औरंगाबाद)

फळीवर कापड चिकटवून, खडूची भुकटी आणि डिंक यांच्या लगद्याने उठाव करून, त्यावर २२ कॅरेट सोन्याचा वर्ख बसवतात. स्वस्त चित्रांत सोनेरी पत्रा असतो, तो काही वर्षांत काळवंडतो. विक्रेत्याकडून वर्खाचा कस बिलावर लिहून घ्या, नुसते प्रमाणपत्र पुरेसे नाही. चित्र तिरके धरून बघा: हाताने केलेल्या उठावात जाडी थोडी कमी-जास्त असते, साच्याचा उठाव सगळीकडे सारखा असतो. मागची बाजू उघडी असेल तर फळी वाकलेली नाही ना, ते तपासा. भाव माहीत नसेल तर आधी राज्य सरकारच्या पूंपुहार दुकानात किमती बघून घ्या आणि मग बाजारात जा.

काचेच्या फ्रेमसह नेणार असाल तर काचेवर चिकटपट्टीची फुली मारून घ्या आणि चित्र उभे ठेवा, आडवे ठेवून वर सामान रचू नका. घरी ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका, लगदा फुगून वर्ख सुटतो. कोकणात आणि मुंबईत हे हमखास होते. तिथे फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा आणि पुसायला फक्त कोरडा मऊ ब्रश वापरा.